झाकणाखालचा पिझ्झा

परवा दुपारी पीठ अपेक्षेपेक्षा लवकर फुगून भांड्याच्या काठाशी आले आणि बाहेर ग्रिलमधले कोळसे मात्र अजून काळेच होते. घरी ग्रिलवर पिझ्झा करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. यीस्ट उकाड्याच्या तालावर चालते, कोळसा वाऱ्याच्या, आणि त्या दोघांनी एकाच वेळी तयार व्हावे अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर ठेवतो, कोण जाणे. यीस्टचा वेग थंडीत मंदावतो म्हणून पीठ फ्रीजमध्ये सरकवले आणि कोळशांवर राखेचा राखाडी थर चढेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिलो.

एवढा उपद्व्याप कशासाठी, असे घरातले विचारतात. उत्तर साधे आहे, उष्णतेसाठी. इटलीतल्या नेपल्सच्या लाकडावर चालणाऱ्या भट्टीत तापमान 430 अंश सेल्सिअसच्याही वर असते आणि पिझ्झा तेथे साठ ते नव्वद सेकंदांत भाजून बाहेर येतो. घरातला बहुतेक ओव्हन 250 अंशांच्या आसपास हात टेकतो, त्यामुळे पिझ्झाला आत बराच वेळ थांबावे लागते, आणि तेवढ्या वेळात त्याच्यातला ओलावा निघून जाऊन कडा कडक होतात. निखाऱ्यांनी भरलेले, झाकण लावलेले ग्रिल 300 अंश सहज ओलांडते. कागदावर प्रश्न सुटलेला असतो.

प्रत्यक्षात तो तेथे सुरू होतो. भट्टीत ज्वाळा घुमटाला घासून पुढे सरकते आणि तापलेला घुमट पिझ्झावर वरून उष्णता ओततो; ग्रिलमध्ये सारी उष्णता खालून येते. परिणामी तळ करपून जातो आणि वरचे चीज अजून विरघळावे की नाही याच विचारात असते. यावर एक उपाय पिझ्झा-स्टोनचा. कॉर्डिएराइट या उष्णता सोसणाऱ्या खनिजाचा जाड दगड अर्धा-पाऊण तास तापू द्यायचा, निखारे त्याच्या थेट खाली न ठेवता बाजूंना सारायचे, आणि जमल्यास दगड उंचावर, झाकणाच्या जवळ न्यायचा, म्हणजे झाकणावरून परतणारी उष्णता चीजपर्यंत पोहोचते. झाकणावरच्या काट्यावर मात्र विसंबू नये. तो आतल्या हवेचे तापमान सांगतो, दगडाचे नव्हे.

दुसरा उपाय अधिक धीट आहे आणि मला तोच अधिक आवडतो. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात जोहान किलीन आणि जॉर्ज जर्मन या दांपत्याने 1980 मध्ये ‘अल फोर्नो’ हे उपाहारगृह सुरू केले आणि ते ज्या पदार्थासाठी नावाजले गेले, तो हाच: दगड नाही, तवा नाही, तेल लावलेले ओले पीठ थेट जाळीवर. पाहणाऱ्याच्या मनात पहिली भीती अशी येते की पीठ जाळीतून निखाऱ्यांत गळून पडेल. ते पडत नाही. जाळी पुरेशी तापलेली असेल, तर पिठाचा खालचा पृष्ठभाग पाहता पाहता घट्ट होतो, वरच्या बाजूला बुडबुडे उठू लागतात, आणि मिनिट-दोन मिनिटांत ते चिमट्याने सबंध उचलता येते. मग ते उलटायचे आणि भाजलेल्या, काळ्या रेघा उमटलेल्या बाजूवर सॉस व चीज घालायचे. कच्च्या बाजूवर सॉस पसरणारे लोक मला अजूनही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्या हाती चिमटाही देत नाही.

सामग्रीच्या बाबतीत मी उघडपणे कंजूष आहे. ताज्या मोझरेलात निम्म्याहून अधिक पाणीच असते आणि पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या पुढे सरकत नाही, तर खमंग तांबूसपणा यायला साधारण 140 अंश हवेत. म्हणून चीज आधी निथळून घ्यावे आणि भाज्यांचा डोंगर रचू नये. पाहुण्यांना हे रुचत नाही. रुचू नये, हेच बरे. पिझ्झा त्यांच्या वाट्याला जरा कमी जातो.

एकदा झाकण लावले की खरी परीक्षा सुरू होते, कारण आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि पाहायला गेले, तर वरची सारी उष्णता निघून जाते. लहानपणी आजी भांड्यावरच्या झाकणाला हात लावू देत नसे. “डोकावल्याने लवकर शिजत नाही रे,” असे म्हणून ती माझे बोट बाजूला सारी आणि स्वतः मात्र पाठमोरी उभी राहून भांड्याचा आवाज ऐकत राही. झाकण थडथडले की आच कमी, आवाज बसका झाला की भांडे खाली. तिला घड्याळ पाहताना मी कधी बघितले नाही. मीही ग्रिलपाशी कान देऊन उभा राहतो. चीजचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र असा आवाज येतो, त्यामागोमाग करपल्याचा वास, आणि एवढ्यावरून निर्णय करावा लागतो. तरीही माझा हात झाकणाकडे जातोच; ही खोड आजीलाही मोडता आली नव्हती.

धुराची चव येते का, यावर मात्र मी बोलणे सोडून दिले आहे. चार-पाच मिनिटांत कितीसा धूर मुरणार. आपण जिला धुराची चव म्हणतो, ती बरीचशी करपलेल्या पिठाची असते. खाणारे डोळे मिटून “धुराचा काय सुंदर वास लागलाय” म्हणतात आणि मी मान डोलावतो.

शेवटचा पिझ्झा उतरल्यावरही निखारे बराच वेळ धगधगत राहतात, आणि बाहेर गारवा असला की कोणीतरी हमखास सुचवते की ग्रिल आत घेऊ, ऊब मिळेल. तेथे मी हसत नाही. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतून उठू देत नाही. हवेची भोके बंद करून, झाकण घट्ट लावून, ग्रिल रात्रभर बाहेरच राहते.