तिसरी ब

त्या रविवारी मिरजेतील एका शाळेच्या सभागृहात आमच्या संघटनेच्या बेल्ट परीक्षेला ६४ मुले बसली होती. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. शहाबादी फरशी इतकी गार पडली होती की पहिल्या फळीतली पांढऱ्या पट्ट्याची मुले ‘योई’ (तयार) म्हटल्यावरही या पायावरून त्या पायावर नाचत होती, आणि खिडक्यांच्या गजांतून पालकांचे मोबाइल आत डोकावत होते. मी गेली २२ वर्षे कराटे शिकवते आणि त्यांतली ११ वर्षे परीक्षक म्हणूनही काम करते, त्यामुळे अशा दिवसाचे मला आता फारसे अप्रूप राहिलेले नाही. दुपारी तीनपर्यंत परीक्षा आटोपावी, गुणपत्रकांवर सह्या कराव्यात आणि घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडून बसावे, एवढाच माझा बेत होता.

जांभळ्या पट्ट्यावरून ब्राऊनला बसलेली पाच मुले मी जेवणानंतर घेतली. आमच्याकडे या परीक्षेला १०० पैकी किहोनला (मूळ तंत्रांना) ३०, कात्याला (एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या क्रमाला) ४० आणि कुमितेला (जोडीदाराबरोबरच्या लढतीला) ३० गुण असतात, आणि तिन्हींत निम्मे गुण मिळाल्याशिवाय एकूण बेरीज कितीही झाली तरी पट्टा मिळत नाही. वयाची अट ब्राऊनला दहा वर्षे पूर्ण आणि शोदानला, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टला, चौदा वर्षे पूर्ण अशी आहे. हे आकडे आमच्या संघटनेचे आहेत. कराटेत सर्वांना बांधील असा एकच नियम नाही. कोणी आठव्या वर्षी ज्युनिअर ब्लॅक बेल्ट देतात, कोणी सोळाच्या आत काळा पट्टा बांधूच देत नाहीत. तायक्वांदोने निदान एक सोय केली आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तेथे ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याचा दर्जा, न देता ‘पूम’ दिला जातो आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो, म्हणजे बघणाऱ्यालाही कळते. मुळात ही दर्जांची पद्धतच कराटेची नव्हे. आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे फुनाकोशी गिचिन यांनी १९२४ मध्ये आपल्या पहिल्या काही शिष्यांना काळे पट्टे दिले, ते ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांची पद्धत उचलूनच. ते शिष्य सगळे प्रौढ होते. पट्ट्यांची अशी रंगीत उतरंड शाळकरी मुलांपुढे मांडण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही.

पाठीवर ६१ क्रमांक लावलेली मुलगी त्या पाचांत सर्वांत लहान दिसत होती. अर्जावर वय दहा वर्षे चार महिने लिहिले होते. दहाव्या वर्षीही काही मुली अंगाने लहानखुऱ्या असतात, म्हणून मी अर्ज उलटून ठेवला. तिने तेक्की शोदान, म्हणजे तेक्की नावाच्या कात्यांतला पहिला, केला आणि मी हातातले पेन खाली ठेवले. हा काता सरळ एका रेषेत, डावीकडे-उजवीकडे सरकत करायचा असतो. पाय घोड्यावर बसल्यासारखे फाकलेले असतात, आणि आरंभापासून शेवटपर्यंत डोक्याची उंची बोटभरही वरखाली होऊ द्यायची नसते. त्यात नामीगाएशी नावाची एक हालचाल आहे. एका पायाचा तळवा झटक्याने आतल्या बाजूला मांडीच्या दिशेने उचलायचा आणि जेथून उचलला तेथेच परत आपटायचा, मात्र कमरेवरचे शरीर हलता कामा नये. मोठी माणसे येथे हमखास डुलतात. ही मुलगी डुलली नाही. तिची वेणी तेवढी हलली. मी ४० पैकी ३६ दिले. त्या वर्षी एवढे गुण मी अन्य कोणालाही दिले नव्हते.

कुमितेला मात्र जोड्या लावताना पंचाईत झाली. पाचांपैकी चौघांच्या दोन जोड्या जमल्या आणि ६१ क्रमांकासमोर एका तेरा वर्षांच्या मुलाला पुन्हा उभे करावे लागले. जियू-इप्पोन कुमितेत हल्ला करणारा आधी ‘जोदान’ (चेहऱ्यावर) किंवा ‘चुदान’ (धडावर) असे जाहीर करतो आणि मग पूर्ण वेगाने एकच हल्ला करतो. समोरच्याने अंग चुकवून, अडवून उलट प्रहार करायचा. दोघांचेही प्रहार अंगाला लागण्याआधी थांबले पाहिजेत. मुलाने ‘जोदान’ म्हटले आणि तो आला. तिने हात बिनचूक वर घेतला, पाय बिनचूक मागे टाकला, पण त्याची एक ढांग तिच्या दीड पावलाएवढी होती. त्याची मूठ तिच्या कपाळापासून चार बोटांवर येऊन थांबली, आणि ती तिच्या बचावामुळे थांबली नव्हती, त्याने स्वतः थांबवली होती. लगेच तिने उलट ठोसा मारला, तोही बिनचूक. तो त्याच्या पट्ट्याच्या गाठीपर्यंत पोहोचला.

मग पाळी उलटली. तिने मावाशी-गेरी, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, जाहीर केली आणि तिची लाथ त्याच्या बरगडीवर सरळ बसली. तिला ती थांबवता आली नाही. काता एकटीने घोटून पक्का करता येतो, परंतु समोरच्या अंगाचा अंदाज घेऊन पाय आवरणे हे जोडीदारासोबत महिनोन् महिने काढल्यावरच येते. मुलाने ओठ आवळले आणि शिस्तीने पुन्हा पवित्रा घेतला. मी ‘यामे’ (थांबा) म्हटले, दोघांना जवळ बोलावले, त्याची बरगडी दाबून पाहिली आणि सहज विचारावे तसे तिला विचारले, “कितवीत आहेस गं?”

“तिसरी ब.”

“आणि वय किती?”

“आठ. ऑगस्टमध्ये नऊ पूर्ण होतील.”

मी अर्ज पुन्हा उलटला. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात, आणि तेथे वय चोरून मुलांना खालच्या गटात घुसवू पाहणारे पालक मी पोत्याने पाहिले आहेत. वय वाढवून आणलेले मूल मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले.

तिच्या वर्गाचा प्रशिक्षक माझाच जुना विद्यार्थी. त्याला मी भांडारखोलीत, लेझीम आणि डंबेल्सच्या ढिगाऱ्यात नेऊन विचारले. त्याने नाकारले नाही. “मॅडम, आमच्या रस्त्याला दुसरा क्लास सुरू झालाय, तिथे आठव्या वर्षी ब्लॅक बेल्ट देतात. मागच्या वर्षी माझी सहा मुलं तिकडे गेली. ही पण गेली असती.” तिला दोनदा डबल प्रमोशन, म्हणजे एका परीक्षेत दोन पट्टे, त्यानेच दिले होते. वडिलांना बोलावले. त्यांनी आधी मोबाइलमधले आधार कार्ड शोधण्याचे थोडे नाटक केले, मग म्हणाले, “सर म्हणाले होते, फॉर्मपुरतंच आहे. आणि मॅडम, तिला येतंय ना सगळं? मग वयाचं काय घेऊन बसलात?”

हा प्रश्न मी उडवून लावला नाही, कारण एके काळी मीही असेच म्हणत असे. परीक्षक झाल्यावर पहिल्याच वर्षी मी नऊ वर्षांच्या एका मुलाला ब्राऊन दिला होता, आणि अकराव्या वर्षी तो वर्ग सोडून गेला. पुढच्या पट्ट्याला तीन वर्षे थांबायचे होते आणि त्या वयात तीन वर्षे म्हणजे जन्म असतो. शिवाय प्रत्येक पट्ट्याबरोबर अभ्यासक्रम अंगाने मोठा होत जातो. हेइयान हे पाच काता ओकिनावाचे कराटे गुरू इतोसू आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शाळकरी मुलांसाठीच बसवले. तेक्की त्याहून जुना, आणि त्याचे तीन काता शिकण्यात आपली दहा वर्षे गेली असे फुनाकोशी सांगत. या मुलीला पहिला तेक्की अडीच महिन्यांत शिकवला गेला होता. ब्राऊन लागला की काही वर्गांत मुठींवरचे जोर सुरू होतात, आणि स्नेहसंमेलनात टाळ्या मिळाव्यात म्हणून कौलेही फोडून घेतली जातात. मुलांच्या हाडांच्या टोकांना वाढीचा कूर्चेचा भाग असतो आणि तो किशोरवयाच्या अखेरीपर्यंत बंद झालेला नसतो. तेथे झालेली दुखापत त्या हाडाची वाढच वाकडी करू शकते. तिचा काता पाहून हे कोणाच्या लक्षात येणार नाही. कात्यात समोर कोणी नसते.

हे सगळे मी वडिलांना सांगितले, बहुधा याहून लांबण लावून. ते फी परत मिळेल का, एवढेच विचारून गेले. मिळेल, असे मी सांगितले, आणि त्याच वेळी मनात हेही आले की माझ्या स्वतःच्या वर्गाचे भाडे वर्षातून तीनदा होणाऱ्या याच परीक्षांच्या फीतून निघते, तेव्हा त्या प्रशिक्षकावर फार आवाज चढवण्याचा मला अधिकार नाही.

निकाल वाचून दाखवताना मी ६१ क्रमांक गाळला. पट्टे बांधून झाल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. जांभळा पट्टा तिने सोडून नीट घडी करून हातात धरला होता. नवा मिळणार म्हणून आधीच सोडला असावा.

“मॅडम, माझा काता चुकला का?”

“नाही.”

“मग?”

खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही. ‘तू लहान आहेस’ हे आठ वर्षांच्या मुलीला सांगण्यात काही अर्थ नसतो, कारण ती स्वतःला लहान समजत नाही, आणि खोटी तारीख तिने लिहिलेली नव्हती. मी तिला गुणपत्रक दाखवले, ३६ चा आकडा दाखवला आणि म्हटले की ज्या दादाला लाथ लागली त्याला विचारून ये, दुखतंय का. ती गेली, विचारून आली आणि म्हणाली, “तो म्हणतो नाही. पण दुखतंय त्याला.” मग पट्टा पुन्हा बांधायला तिने माझ्याकडे पाठ केली. मी तो बांधून दिला.

फेब्रुवारीतल्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. अर्जासोबत जन्मदाखल्याची प्रत हवी, ही लगेच मान्य झाली. दहा वर्षांखालच्या मुलांना डबल प्रमोशन बंद, यावर तासभर वाद झाला आणि अखेर तेही झाले. तिसरी गोष्ट अशी की वयामुळे जांभळ्यावर थांबलेल्या मुलांना पट्ट्याच्या टोकाला एकेक पांढरी पट्टी द्यावी, म्हणजे आपण जागचे हललोच नाही असे त्यांना वाटणार नाही. मात्र या पट्टीसाठी फी घ्यायची नाही. हा ठराव एका मताच्या फरकाने संमत झाला. त्या प्रशिक्षकाला वर्षभर परीक्षेसाठी मुले पाठवण्यास मनाई केली गेली. मी त्या बाजूने मत दिले, आणि ते मला आजही जड जाते, कारण त्या वर्षी त्याची आणखी चार मुले रस्त्यापलीकडे गेली.

ती गेली नाही. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिला दहा पूर्ण झाली आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली, जांभळ्या पट्ट्यावर तीन पांढऱ्या पट्ट्या घेऊन. चांगली वीतभर वाढली होती आणि सगळी वाढ पायांत गेली होती. कुमितेत तिचा उलट ठोसा जोडीदाराच्या छातीसमोर दोन बोटांवर थांबला आणि मावाशी-गेरी बाहीला चाटून परत आली. मी ३० पैकी २५ दिले. तेक्कीत मात्र ती दुसऱ्या नामीगाएशीला डुलली, तोल सावरताना डोके वर गेले आणि पुढच्या दोन हालचाली घाईत झाल्या. मी ४० पैकी ३१ लिहिले. पट्टा घेताना तिने खालच्या आवाजात विचारले, “या वेळी काता चुकला ना, मॅडम?”

“हो. दुसऱ्या नामीगाएशीला.”

“मला कळलं होतं,” ती म्हणाली, आणि पट्टा स्वतःच बांधून रांगेत जाऊन उभी राहिली.