काटापावतीचं फोल्डर गिटमध्ये टाकलं

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी, नानांसाठी, सहा वर्षांपूर्वी मी पीएचपीत काटापावतीचा प्रोग्राम लिहून दिला. वजन, भाव, हमाली, शेतकऱ्याचं येणं, एवढंच. काही बदलायचं झालं की फाईलची कॉपी मारायची आणि नावातच कारण लिहायचं, ही माझी पद्धत. 'पावती_हमाली_वाढली', 'पावती_नाना_म्हणाले_तशी'. पोळ्याच्या आदल्या दिवशी नानांनी विचारलं, "भाऊ, आखाजीला हमाली कोणत्या दराने कापली होती?" आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. १७ फाईली उघडल्या. तीन फाईलींत तीन दर, आणि तेव्हा चालू कोणती होती कुणास ठाऊक.

भाचा पुण्याला इंजिनिअरिंग करतो. त्याने गिट सुचवलं: फाईलींतला प्रत्येक बदल तारखेनिशी जपणारा प्रोग्राम. इनिट म्हणजे फोल्डरात गिट सुरू करणं, ॲड म्हणजे फाईली निवडणं, कमिट म्हणजे त्या क्षणीची त्यांची नोंद कायम करणं. फोनवर म्हणाला, "मामा, गिट इनिट करा, ॲड करा, कमिट करा. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटं! गिट ॲड, पुढे टिंब (म्हणजे फोल्डरातलं सगळं), एंटर. लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागला. त्याच फोल्डरात शेतकऱ्यांच्या पासबुकांचे फोटो, डेटाबेसचे बॅकअप, आणि कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलीत, पासवर्ड उघडाच. सगळं कमिट झालं. मग मी हुशारी केली: गिट आरएम, पुढे डॅश डॅश कॅश्ड, आणि दुसरा कमिट. फाईली डिस्कवर राहिल्या, गिटच्या यादीतून गेल्या. सहज पहिला कमिट उघडून पाहिला, तर पासवर्ड जागच्या जागी! जुनं जपायलाच तर गिट आणलं होतं, ते कसं विसरेल?

नशीब, कुठे पुश केलं नव्हतं, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर पाठवलं नव्हतं; नाहीतर आधी पासवर्ड बदलत बसलो असतो. एका दिवसाचाच इतिहास, म्हणून तो जिथे साठतो ते डॉट गिट हे लपलेलं फोल्डर तेवढं उडवलं आणि पुन्हा इनिट. या खेपेला आधी गिटइग्नोर, म्हणजे गिटने काय घ्यायचं नाही त्याची यादी, लिहिली: फोटो, बॅकअप, कॉन्फिग. पासवर्डाची जागा कोरी ठेवून कॉन्फिगची एक नमुना फाईल मात्र आत घेतली. ॲड केल्यावर, कमिटच्या आधी, गिट स्टेटस, म्हणजे कमिटमध्ये काय जाणार त्याची यादी, सातबारा वाचावा तसा ओळीवर बोट ठेवून वाचला.

भाच्याचं म्हणणं, आधी त्या कॉप्या साफ करा. नाही केल्या. पहिला कमिट १७ पावत्यांसकट, आहे तसा गबाळा. दुसऱ्यात १६ उडवल्या. उद्या एखादी लागली तर पहिल्यातून काढता येईल.

नानांना ऐटीत सांगितलं, आता प्रत्येक बदल तारखेनिशी सापडेल.

"मग आखाजीचा दर सांग."

तो त्यांच्या लाल वहीत सापडला.