सगळे आले, पण पंगत काही बसली नाही

आधीच सांगते, गेम ऑफ थ्रोन्सच्या आठव्या सीझनचा पहिला भाग ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी इथूनच परत फिरा, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत. ज्यांनी ही सिरियलच कधी बघितली नाही त्यांनी खुशाल वाचा, कारण बरीचशी पोस्ट टीव्हीच्या लायसन्सवर आहे.

तर 14 एप्रिल 2019ला, रविवारी रात्री म्हणजे खरं तर सोमवारी पहाटे दोन वाजता, मी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी पांघरूण गुंडाळून सोफ्यावर बसले होते. तेव्हा अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बाजूला रविवार रात्रीचे नऊ, आपल्याकडे सोमवार सकाळचे साडेसहा. आमचा पुण्याच्या हॉस्टेलचा ग्रुप आहे, एक डॅलसला, दोघी पुण्यात, मी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला, एरवी एकीने गुड मॉर्निंग टाकलं की दुसरी झोपायला चाललेली असते. पण त्या दिवशी सगळ्या एकाच मिनिटाला जाग्या होत्या आणि एकाच गोष्टीची वाट बघत होत्या. साडेतीन वर्षांत असं पहिल्यांदा झालं असेल.

आता मी स्वतःच्या घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर का नाही बघितलं? लायसन्समुळे. इथे टीव्ही बघायला लायसन्स लागतं हे मी मागे एकदा लिहिलं होतं आणि दोघातिघांनी मला वेड्यात काढलं होतं. 2019च्या एक एप्रिलपासून ते 154.50 पौंड झालं होतं, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ चौदा हजार रुपये वर्षाला. टीव्ही घेतला नाही तरी सुटका नाही, कारण नियम टीव्हीच्या डबड्याचा नाहीच, कुठलाही कार्यक्रम जेव्हा प्रसारित होतोय तेव्हाच तुम्ही बघताय का, याचा आहे. मग तो फोनवर बघा, लॅपटॉपवर बघा, बीबीसी असो की खाजगी चॅनेल. म्हणजे बघा हं, मी दर महिन्याला पैसे भरून ज्या अॅपचा पास घेतलाय, त्याच अॅपवर पहाटे दोन वाजता सगळ्यांबरोबर हा भाग लाइव्ह बघितला तर मी गुन्हेगार. तोच भाग, त्याच अॅपवर, त्याच लॅपटॉपवर, लाइव्ह संपल्यावर ऑन डिमांड लावला तर मी सज्जन नागरिक. एका तासाचा फरक! आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं लायसन्स तेव्हाही वेगळं मिळायचं, 52 पौंडांत. या सिरियलचे रात्रीचे सीन बघता तेच परवडलं असतं मला.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, पहाटे दोन वाजता तुझ्या खिडकीतून कोण डोकावणार आहे गं, आणि कोण येणार आहे विचारायला. हे त्याला कळणार नाही. इथे एकटं राहणाऱ्या माणसाच्या दारात "या पत्त्यावर लायसन्स नाही" असं पत्र पडतं ना, तेव्हा बिल भरलेलं असो नसो, पोटात गोळा येतोच, व्हिसावर राहणाऱ्याला जरा जास्तच. आणि हो, पहिले पाच सीझन मी पुण्यात कुणाच्या तरी हार्डडिस्कवरून एक रुपया न देता बघितलेत, तेव्हा कुठे गेला होता कायदा असं कुणी म्हणेल, तर आपल्याकडे तेव्हा टीव्हीवर जे दाखवायचे त्याला इतकी कात्री लागलेली असायची की कोण कोणाचा भाऊ आणि कोण मेला तेच कळायचं नाही. पर्याय काय होता सांगा. ते दिवस वेगळे होते.

गंमत म्हणजे आईने आठवण करून दिली की आपल्याकडेही रेडिओला लायसन्स होतं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात तिकिटं चिकटवून आणायची, आजोबांचं ते पुस्तक ट्रंकेत बरीच वर्षं होतं. म्हणजे आपण ही भानगड केव्हाच मोडीत काढली आणि हे अजून कुरवाळत बसलेत. (लायसन्सच्या पैशांतून इथे जाहिरातींशिवाय जे चॅनेल चालतं ते चांगलं आहे, नाही असं नाही. पण मी ते बघत नाही ना.)

असो. मैत्रिणीकडे लायसन्स आहे, आणि तिची आई म्हणाली की या वयात तशी पण झोप लागत नाही, या सगळे. सहा जण होतो. चीज अनियनचे टेटो म्हणजे इथले वेफर्स, चहाची भली मोठी किटली आणि फिफ्टीन्स नावाचा इथला गोड पदार्थ, म्हणजे पंधरा डायजेस्टिव्ह बिस्किटं, पंधरा मार्शमेलो, पंधरा चेरी, कंडेन्स्ड मिल्कमध्ये कालवून वळकटी करायची, वरून खोबऱ्याचा कीस. मी भडंग घेऊन गेले होते. ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं सगळ्यांनी. मैत्रिणीच्या वडिलांनी एक एक लसूण शोधून काढून खाल्ला.

बेलफास्टमध्ये ही सिरियल बघणं म्हणजे काय ते जरा सांगायला हवं. ही यांचीच आहे. टायटॅनिक ज्या गोदीत बांधली तिथे जहाजं रंगवायची मोठी शेड होती, तिचा स्टुडिओ केला आणि निम्मं वेस्टरॉस, म्हणजे सिरियलमधला देश, तिथे उभं राहिलं. विंटरफेल, म्हणजे सिरियलमधला उत्तरेचा किल्ला, आधी कॅसल वॉर्डला होतं, मग मनीग्लासला गावाबाहेर अख्खा किल्ला बांधला. आदल्या शुक्रवारी वॉटरफ्रंट हॉलला प्रीमियर झाला, रेड कार्पेट वगैरे. इथे दर तिसऱ्या माणसाच्या घरातलं कोणीतरी एक्स्ट्रा, सुतार, शिंपी, ड्रायव्हर, नाहीतर नुसतं चिखल कालवणारं असतं. मैत्रिणीचा मामा सुतार, आठ वर्षं त्या शेडमध्ये. 2018 मध्ये पंचावन्न रात्री एका लढाईचं शूटिंग झालं ही बातमी पेपरात आली, तेव्हापासून मी त्याला खोदतेय. काय बांधलंत, कुठली भिंत, किती उंच, जळकं लाकूड होतं का. तीन पाइंट झाल्यावरही हा माणूस म्हणतो, लाकूड होतं, लाकडाचं काम केलं. बस्स. बायकोलाही सांगितलं नाहीये म्हणे. आणि आमच्याकडे माझं लग्न ठरतंय अशी नुसती कुणकुण लागली तर जयसिंगपूरच्या मावशीने साडीचा रंग ठरवला होता. करारात सही केलेली असते, दंडाची भीती असते, ते सगळं खरं, पण अख्ख्या शहराने मिळून एखादी गोष्ट पोटात ठेवायची याचं मला फार कौतुक वाटतं. कदाचित या गावाला गप्प बसायची सवय आहे आधीपासूनची, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती फारशी कौतुकाची नाहीत.

आता भागाबद्दल. सातवा सीझन संपला ऑगस्ट 2017 मध्ये. वीस महिने थांबलो आपण. तेवढ्यात इथे ब्रेक्झिट 29 मार्चला होणार होतं ते 12 एप्रिलवर गेलं, तिथून थेट ऑक्टोबरवर, पण आमचा सिरियलमधला हिवाळा मात्र सांगितल्या दिवशी आला. सुरुवातीची टायटल्स बदललीत, उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून आत शिरतो आपण आणि थेट विंटरफेलच्या तळघरात उतरतो, तिथेच अंगावर काटा आला. मग पहिला सीन, एक पोरगं गर्दीतून वाट काढत झाडावर चढून सैन्य बघतं. पहिल्या सीझनला राजा आला होता तेव्हा विंटरफेलची धाकटी लेक आर्या अशीच गाडीवर चढून बघत होती. ते कळल्यावर खोलीत सगळे एकदम "आह" म्हणाले.

पण एकूण चोपन्न मिनिटांत जे झालं ते सांगू? लग्नाच्या आदल्या दिवसाचं घर. पाहुणे उतरतायत, मिठ्या मारतायत, ज्याला त्याला एक एक वाक्य वाटलंय. अगं किती मोठी झालीस, तुझ्या वडिलांना मीच जाळलं बरं का. आर्याची मोठी बहीण सान्सा म्हणजे आमची थोरली आत्या, एवढी माणसं आणि वर दोन ड्रॅगन, शिधा पुरवू कुठून, ही एकच काळजी, आणि ती बरोबरच आहे की! सगळे तिला खाष्ट म्हणतायत पण पंगतीचा हिशेब करणारं कोणीतरी लागतंच घरात. लॉर्ड ग्लोव्हर नावाचा उत्तरेचा सरदार मानपानावरून रुसून घरीच बसला. छोटी सरदारीण लिऑना भर सभेत, परक्या राणीपुढे मान तुकवून आलेल्या जॉनला विचारते, राजा म्हणून गेलास आणि आता नक्की कोण म्हणून आलास, हे तर प्रत्येक लग्नात एखादी आजी विचारतेच. तिकडे राजधानीतली राणी सर्सी वरातीला हत्ती नाहीत म्हणून फुगून बसली. इतकं सगळं छान जमलेलं, आणि तरी मी शेवटी घड्याळ बघत होते. सीझनमध्ये होते फक्त सहा भाग, त्यातला एक गेला नमस्कार-चमत्कारात!

ड्रॅगनवरची ती सफर तर मला अजिबात झेपली नाही. जॉन पहिल्यांदाच बसतो आणि डोंगर, दऱ्या, धबधबा, जणू हिंदी पिक्चरचं गाणं. खाली उतरल्यावर त्याचा आणि ड्रॅगनवाल्या राणीचा, डेनेरिसचा, रोमान्स आणि मागून ड्रॅगन डोळे वटारून बघतोय, आम्ही सहाही जण फुटलो. मैत्रिणीची आई म्हणाली, सासूबाई. (तिने इंग्रजीत म्हटलं, पण अर्थ तोच.)

चांगलं काय होतं ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ही नुसती किरकिर करते. जॉनचा मित्र सॅम, त्याचा सीन. डेनेरिस आभार मानायला येते आणि बोलता बोलता कळतं की तिने त्याच्या बापाला आणि भावाला जाळलंय. बापाचं ऐकल्यावर तो स्वतःला सावरतो, कारण बाप तसाच होता, आणि भावाचं ऐकल्यावर चेहरा जो पडतो... जॉन ब्रॅडलीने तो एका मिनिटाचा सीन काय केलाय. आणि जॉन-आर्या या भावाबहिणीची भेट. पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागात ताटातूट झालेली, 2011 मध्ये. ती पळत येऊन त्याच्या गळ्यात उडी मारते तेव्हा मी पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं. माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे आणि गेल्या दिवाळीला मुंबई एअरपोर्टवर मी त्याला पटकन ओळखलं नव्हतं, दाढी वाढवली होती गाढवाने.

पण ही पोस्ट ज्याच्यामुळे लिहायला घेतली तो सीन हा नव्हेच. सुरुवातीला सैन्य गावात शिरतं तेव्हा डेनेरिसची दुभाषी मिसान्डे आणि तिच्या सैन्याचा सेनापती ग्रे वर्म घोड्यावरून चाललेत आणि दोन्हीकडे उभी असलेली उत्तरेची माणसं त्यांच्याकडे बघतायत. कोणी काही बोलत नाही. शिवी नाही, दगड नाही. नुसतं बघणं. मिसान्डेच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं विझतं, ती ग्रे वर्मकडे बघते, आणि कॅमेरा पुढे जातो. पाच-सहा सेकंद असतील. खोलीत कोणाच्या लक्षातही आलं नाही, त्याच वेळी कोणीतरी टेटोचं पाकीट फोडलं. मी मात्र तिथेच अडकले.

आता लगेच कुणी म्हणू नका की तिकडे असंच चालतं, म्हणून आम्ही सांगत होतो. मला इथे कोणी असं वागवलेलं नाही. म्हणजे पहिल्या हिवाळ्यात बस स्टॉपवर दोन पोरांनी माझ्या बोलण्याची नक्कल केली होती, एवढंच, आणि ती पोरंच होती. उलट त्याच हिवाळ्यात मी बर्फावरून घसरून पडले तर तीन अनोळखी माणसं धावत आली आणि एक बाई दवाखान्यापर्यंत आली, दोन तास बसली. आणि आपण तरी काय मोठे? आमच्या हॉस्टेलला ईशान्येकडच्या दोन मुली आल्या होत्या, मेसमध्ये त्या ताट घेऊन चालायला लागल्या की सगळ्या टेबलांवरून असंच बघायचे. नावं पण ठेवली होती, ती मी इथे लिहित नाही. मी स्वतः ठेवली नव्हती. हसले होते. वय एकोणीस होतं.

भाग संपला, सर्सीचा भाऊ जेमी अंगणात घोड्यावरून उतरतो आणि समोर आर्याचा भाऊ ब्रॅन, ज्याला त्यानेच पहिल्या भागात खिडकीतून ढकललं होतं, ते तर जबरदस्तच, सगळे ओरडले. तीन वाजून गेले होते. टॅक्सी बोलवते म्हटलं तर मैत्रिणीची आई स्लीपर आणि ड्रेसिंग गाऊनवरच गाडीची चावी घेऊन निघाली, ऑर्मो रोडपर्यंत सोडलं, मी दार उघडून आत जाऊन लाइट लावेपर्यंत गाडी हलवली नाही तिने. साडेनऊला ऑफिस होतं, कशी गेले ते विचारू नका.

घरी पोहोचल्यावर भावाला फोन लावला, आठ वाजले होते तिकडे. उचलला आईने. तो आंघोळीला गेला होता. तिने पण चहा देता देता थोडं बघितलं होतं म्हणे, कळलं काहीच नाही, सगळी माणसं एकाच रंगाची आणि सगळे काळेच कपडे. मग म्हणाली, ती घोड्यावरची सावळी मुलगी कोण गं? तिच्याकडे असे का बघत होते सगळे?

म्हटलं, ती राणीबरोबर आलीय, परकी आहे तिथे.

जरा थांबून म्हणाली, तुझ्याकडे नाही ना बघत कोणी असं?

नाही गं, इथे कोणाला वेळ आहे, म्हटलं. मग तिने विचारलं, भडंग पुरलं का, मऊ तर पडलं नव्हतं ना.