आमची वाटचाल : दादर ते कँडी

श्रीलंकेतली यादवी 2009 मध्ये संपली. त्यानंतर दोन वर्षांनी मी आणि माझ्या नवऱ्याने दादरला सहलींचं ऑफिस थाटलं. सिगिरिया, कँडी, नुवारा एलियाजवळचं सीतेचं मंदिर, बेंटोटाचा किनारा आणि सोबत आपला आचारी. चहाच्या मळ्याशेजारी बसून गरम पिठलं-भात खाल्लेले काका-काकू पुढच्या वर्षी भावंडांना पाठवायचे. जाहिरातीवर फार खर्च करावाच लागला नाही.

धंदा उभा राहिला तो तिथल्या दोन माणसांच्या जिवावर : कँडीचे हॉटेलवाले आणि नेगोम्बोचा आमचा ड्रायव्हर-गाइड.

2018 मध्ये श्रीलंकेत सुमारे 23 लाख पर्यटक आले होते. 2019 च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, त्यातून देश जेमतेम सावरतोय तोवर मार्च 2020 मध्ये विमानतळ बंद झाला. त्या वर्षीचा आकडा 5 लाखांवर अडला आणि 2021 मध्ये तर 2 लाखांच्याही आत आला. पर्यटनातून येणारे डॉलर आटले, की तिथे औषध, इंधन, गॅस सगळ्याचीच ओढाताण सुरू होते.

इकडे आमची मे 2020 ची टूर भरलेली होती. ग्राहकांचे पैसे विमान कंपनीत आणि कँडीच्या हॉटेलात अडकलेले. कंपनीने रोख परतावा न देता क्रेडिट दिलं. त्यातले पैसे सुटायला ऑक्टोबरमधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तोवर एफडी मोडून, सोनं तारण ठेवून आम्ही मागेल त्याला पैसे परत केले. ओळखीच्या बागायतदारांकडून हापूसच्या पेट्या आणून विकल्या आणि ऑफिसचं भाडं भागवलं.

हॉटेलचे पैसे मात्र मागायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं. नवऱ्याला ते पटायला वेळ लागला, आणि त्याचंही बरोबर होतं, घरातच चणचण होती. पण त्या हॉटेलात एकही खोली भरत नव्हती आणि त्यांनी स्वयंपाक्यांना कामावर ठेवलं होतं. पैसे ओढून घेतले असते तर तीच माणसं घरी बसली असती.

ड्रायव्हरची गोष्ट अजून मनाला लागते. परकीय चलन वाचवायला सरकारने मार्च 2020 मध्ये गाड्यांची आयात थांबवली, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव चढले. हप्ते थकल्यावर त्याने व्हॅन विकली. भाव चांगला आला, कर्ज फिटलं; पण त्याच चढ्या भावामुळे दुसरी घेणं त्याच्या आवाक्याबाहेर गेलं. मग तो दुसऱ्याची रिक्षा चालवू लागला. 2022 मध्ये देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, तेव्हा पेट्रोलच्या रांगेत रात्र काढून तो सकाळी मला फोन करायचा, “अक्का, ग्रुप कधी?” मला सांगण्यासारखं काहीच नसायचं. आमची त्या वर्षीची टूरही आम्हाला रद्द करावी लागली.

2023 मध्ये पुन्हा निघालो. डॉलरचा भाव तिथे 200 रुपयांवरून 300 च्या पुढे गेला होता. कँडीच्या हॉटेलवाल्यांनी आमची जुनी रक्कम स्थानिक रुपयांत मोजली असती तर आम्हाला बोलता आलं नसतं, कारण कागदावर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी 2020 ची वही काढली, डॉलरचा आकडा दाखवला आणि तेवढ्याच्या खोल्या दिल्या. आचाऱ्याला स्वयंपाकघरही पूर्वीसारखंच मोकळं करून दिलं.

2024 मध्ये तिथे 20 लाखांहून जास्त पर्यटक आले, त्यात सगळ्यात जास्त भारतीय. 2025 मध्ये खासगी गाड्यांच्या आयातीवरची बंदीही उठली. आमच्या ड्रायव्हरला आता स्वतःची व्हॅन घ्यायची आहे. लीजिंग कंपनीला दाखवायला पुढच्या मोसमाच्या बुकिंगचं पत्र आम्ही आमच्या लेटरहेडवर त्याला लिहून दिलं आहे.