पट्टीवर मोजपट्टी

वर्तमानपत्रातली चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) का संपली, तर विनोद शिळा झाला म्हणून, असं आपण सहज म्हणून टाकतो. त्याआधी तिच्यावर एकदा मोजपट्टी धरून बघावी.

अमेरिकेत १९३०च्या दशकात रविवारच्या रंगीत पुरवणीत एकेका चित्रकथेला अख्खं पान मिळे. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि पट्ट्या आक्रसल्या. टंचाई गेली, जागा काही परत आली नाही. २ ऑक्टोबर १९५० रोजी चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. रोज चार चौकटी, चारही एका मापाच्या. संपादकाला त्या आडव्या लावता याव्यात, उभ्या रचता याव्यात, नाहीतर दोनावर दोन ठेवून चौकोन करता यावा. थोडक्यात, पानातलं कुठलंही भोक बुजवायचा माल! (नावसुद्धा वर्तमानपत्रांना पट्ट्या विकणाऱ्या वितरकांनी चिकटवलेलं, शुल्झना ते कधीच आवडलं नाही.) त्यांनी मग रेषाच कमी केल्या. गोल डोकं, कपाळावर केसाचं एक वेटोळं, मागे फार तर एखादी भिंत. बोटभर जागेत हे झकास दिसे. पुढे ही पट्टी २,६०० वर्तमानपत्रांत गेली, आणि एवढ्याशा जागेत भागतं, हे संपादकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

इतरांचं मात्र भागेना. चित्र निम्मं करता येतं, अक्षर नाही. ते वाचता यायला हवं. म्हणजे संवादाचा फुगा तेवढाच राहतो आणि चित्राला खाली दाबतो. आधी पात्रांचे पाय जातात, मग खोली जाते, शेवटी दोन बोलकी मुंडकी उरतात. बारीक तिरप्या रेषांनी काढलेली सावली वर्तमानपत्री कागदावर शाई पसरून नुसता काळा डाग होते. साहसकथांना टीव्हीनं खाल्लं हे खरंच. पण 'टेरी अँड द पायरेट्स' १९७३ मध्ये बंद झाली, तोवर जहाज आणि वादळ काढायला चौकटीत जागा तरी कुठे उरली होती?

रविवारची तऱ्हा आणखी निराळी. वरची ओळ संपादकानं गाळली तरी अडू नये, म्हणून तिथे गोष्टीशी संबंध नसलेला फुटकळ विनोद टाकायचा. 'कॅल्विन अँड हॉब्स' या एका मुलाच्या आणि त्याच्या वाघाच्या पट्टीचे चित्रकार बिल वॉटरसन याला विटले. नऊ महिन्यांच्या सुट्टीनंतर फेब्रुवारी १९९२ मध्ये ते परतले, ते अट घेऊनच: अर्धं पान, आणि त्याला कात्री लावायची नाही. संपादक कुरकुरले, पण पट्टी सोडवेना. मग कॅल्विनच्या कल्पनेतल्या डायनोसॉरना एकदाचे पाय पसरता आले.

३१ डिसेंबर १९९५ला, २,४०० वर्तमानपत्रांत चालू असताना, त्यांनी ती थांबवली. शेवटच्या त्या रविवारी मुलगा आणि वाघ घसरगाडी घेऊन ताज्या बर्फात निघालेत. अर्ध्या पानातला बराचसा कागद नुसता कोरा सोडलेला आहे.