बून घराण्याच्या मागावर: पेनसिल्व्हेनियातून यॅडकिनच्या खोऱ्यात

आमच्या सुनेचं आजोळ बून घराण्यातलं. बून म्हटलं की अमेरिकेत सगळ्यांना केंटकीची वाट पाडणारा डॅनियल आठवतो. तिची शाखा मात्र त्याची नाही, त्याची थोरली बहीण सारा हिची आहे. विहीणबाईंनी ही वंशावळ वर्षानुवर्षं जमवली आहे, आणि त्यांच्याबरोबर आम्ही घराण्याच्या पहिल्या दोन मुक्कामांना जाऊन आलो. कुणाला याच वाटेनं जायचं असेल तर माझं पहिलं सांगणं असं, की आधी कागद वाचा आणि मगच गाडी काढा.

बून मूळचे इंग्लंडच्या डेव्हनमधले, ब्रॅडनिंच गावचे विणकर, पंथानं क्वेकर (साधेपणा पाळणारा ख्रिस्ती पंथ). डॅनियल आणि साराचे आजोबा जॉर्ज यांनी आधी तीन मुलांना पुढे धाडलं आणि 1717 मध्ये बाकीचं कुटुंब घेऊन ते स्वतः फिलाडेल्फियाला उतरले. 1744 मध्ये ते वारले तेव्हा 8 मुलं, 52 नातवंडं आणि 10 पतवंडं अशी 70 माणसं मागे होती, असं घरच्याच नोंदीत लिहिलेलं आहे. त्यांचा मुलगा, म्हणजे डॅनियल आणि साराचा बाप स्क्वायर (हे नावच आहे, पदवी नव्हे) यानं 1730 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ओलीच्या खोऱ्यात 250 एकर जमीन घेतली. ती जागा आज बर्ड्सबरोजवळ ‘डॅनियल बून होमस्टेड’ म्हणून जपली आहे. फिलाडेल्फियाहून रेडिंगच्या दिशेनं 422 नंबरचा रस्ता धरा. समोर दिसणारं दगडी घर बरंचसं नंतरच्या मालकांनी बांधलेलं आहे. बूनांचं घर ओंडक्यांचं होतं, आणि त्याच्या तळघरातला झरा अजून वाहतो. मार्गदर्शकाबरोबर गेलात तर तळघर पाहिल्याशिवाय निघू नका.

तिथून एक्सेटरचं क्वेकर प्रार्थनागृह जवळ आहे. इमारत 1759 ची, शेजारी दफनभूमी. जॉर्ज आजोबा आणि मेरी आजी इथेच आहेत, पण त्यांच्या नावाचा दगड शोधू नका. त्या काळचे क्वेकर थडग्यावर दगड उभारणं हा बडेजाव मानत. विहीणबाई त्या मोकळ्या गवताकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस असेल तर हे आधीच सांगून ठेवा.

दगड नसला तरी क्वेकरांच्या मासिक सभांची इतिवृत्तं आहेत, आणि मला या प्रवासात सर्वांत मोलाची वाटली ती तीच. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत आपली कुळं सापडतात तशी इथे माणसं सापडतात, शिवाय त्यांना दिलेली समजसुद्धा. 1742 मध्ये साराने जॉन विल्कॉक्सन या पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न केलं. स्क्वायरला सभेपुढे चूक कबूल करावी लागली. पुढे थोरल्या मुलानं, इस्राएलनं, तेच केलं. या वेळी बाप नमला नाही आणि 1748 मध्ये त्याला पंथाबाहेर काढलं. दोन वर्षांनी कुटुंबानं पेनसिल्व्हेनिया सोडलं. जमिनीची ओढ होतीच, पण हा ठपकाही तितकाच कारणीभूत असावा असं माझं मत आहे. या भागातल्या क्वेकर सभांचे दप्तर स्वार्थमोर आणि हॅव्हरफर्ड या दोन कॉलेजांच्या ग्रंथालयांत आहे. जाण्याआधी त्यांना लिहून विचारा, बरंच काही घरबसल्या वाचता येतं.

तारखा वाचताना सावध राहा. 1752 पर्यंत तिथे वर्ष 25 मार्चला बदलत असे, आणि क्वेकरांचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. डॅनियलचा जन्म जुन्या पंचांगानं 22 ऑक्टोबर 1734, नव्यानं 2 नोव्हेंबर. तारखा जुळत नाहीत म्हणून दोन वेगळी माणसं मानू नका. उलट नावं जुळतात म्हणून एकच माणूसही मानू नका, कारण डॅनियलच्या धाकट्या भावाचं नावही स्क्वायरच होतं.

पुढचा प्रवास आंतरराज्य 81 वरून करा, विमानानं नको. जुना वॅगन रोड, म्हणजे वस्ती करायला निघालेल्यांचा गाडीरस्ता, साधारण याच दिशेनं शेनँडोआ खोऱ्यातून जात असे. हॅरिसनबर्गजवळच्या लिनव्हिल क्रीकपाशी बून काही काळ थांबले होते. मुक्काम तिथेच टाका, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये शेतं आहेत.

नॉर्थ कॅरोलिनात, यॅडकिन नदीच्या खोऱ्यात, मॉक्सव्हिलच्या जोप्पा दफनभूमीत स्क्वायर (मृत्यू 1765) आणि त्याची बायको सारा मॉर्गन (मृत्यू 1777) यांचे दगड आहेत. अक्षरं ओबडधोबड, स्पेलिंग जसं बोलत तसं. पंथात राहिलेल्या आजोबांना दगड नाही, पंथातून काढलेल्या मुलाला आहे. विहीणबाईंनी इथे हात जोडले, आम्हीही जोडले.

आता कचेऱ्यांविषयी. काउंट्यांच्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) हद्दी बदलत गेल्या, त्यामुळे कागद आजच्या काउंटीत असेलच असं नाही. ओली आज ज्या बर्क्स काउंटीत आहे ती 1752 मध्ये झाली, त्याआधीची ओलीची खरेदीखतं फिलाडेल्फियात शोधा. मॉक्सव्हिल आज डेव्ही काउंटीत आहे, पण ती 1836 ची. त्याआधी रोवन, म्हणजे सॉल्सबरीची कचेरी, आणि 1753 पूर्वी अॅन्सन. तेव्हा या भागातल्या जमिनीचा मालक असलेल्या लॉर्ड ग्रॅनव्हिलकडून स्क्वायरला 1753 मध्ये 640 एकर मिळाले. ग्रॅनव्हिलच्या जमीनपट्ट्यांची दप्तरं रॅलेच्या राज्य अभिलेखागारात आहेत. शनिवार-रविवार दफनभूमींसाठी ठेवा आणि सॉल्सबरी व रॅलेला कामाच्या दिवशी, सकाळी दार उघडतानाच पोचा.