वॉलआय: आधी उजेड बघा, मग आमिष

मे महिन्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारीचा हंगाम उघडतो. त्या शनिवारी भर दुपारी, लख्ख उन्हात आणि आरशासारख्या पाण्यात, कितीतरी बोटी उथळ काठाला गळ टाकून बसलेल्या दिसतात. आमिष उत्तम, दोरी नवी, रॉड महागडा. चुकलेली असते ती वेळ.

या माशाचं सगळं गणित त्याच्या डोळ्यात आहे. मांजरासारखा त्याच्याही डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून रात्री टॉर्च मारला की डोळे चमकतात. पाण्यात उजेड कमी झाला की यलो पर्च या छोट्या माशाला धड दिसेनासं होतं आणि तो तळाशी विसावतो. वॉलआयला मात्र तेव्हाच उत्तम दिसतं. पर्च हे त्याचं आवडतं खाद्य. त्यामुळे सूर्य उगवतानाचा आणि मावळतानाचा एकेक तास हा बाकीच्या दिवसाला भारी पडतो.

दिवसा मिळतच नाही असं नाही. उजेड अडवणारं काहीतरी शोधावं लागतं. ढग, खोली, गढूळ किंवा चहाच्या रंगाचं पाणी, पाणवनस्पतींची सावली आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वारा. फूट-दीड फुटाच्या लाटांना तिकडे ‘वॉलआय चॉप’ असंच नाव आहे. लाटांमुळे उजेड फुटतो आणि किनाऱ्याची माती उठून पाणी गढुळतं. वारा दोन-तीन तास एकाच दिशेने वाहिला की बारीक मासेही त्या काठाकडे सरकतात. आडोशाला बोट लावून आरामात बसायचा मोह होतो, पण मासे वाऱ्याचा मार खाणाऱ्या काठाला असतात. अर्थात लाटा बोटीला झेपतील तितक्याच असाव्यात.

मिनेसोटातल्या मिल लॅक्स तलावाचं उदाहरण बघा. तिथे 2005 साली पाणी गाळून खाणारे झेब्रा शिंपले सापडले, पुढे ते पसरले आणि पाणी नितळ होत गेलं. नितळ पाण्यात मासा दिवसा खोल उतरतो किंवा तोंड मिटून बसतो. जुनी ठिकाणं जुन्या वेळी चालत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. ठिकाणं बहुधा ठीकच असतात, घड्याळ बदलायला हवं.

आता सामान. एकच रॉड घ्यायचा तर साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम-लाइट ताकदीचा, फास्ट अ‍ॅक्शनचा (टोकाकडेच वाकणारा) स्पिनिंग रॉड आणि 2500 आकाराचं रीळ. दोरी 10 पाउंडाची ब्रेडेड (विणलेली), तिच्या टोकाला 6 ते 8 पाउंडाचा फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे गळाआधीचा वेगळ्या दोरीचा तुकडा, तीन ते सहा फूट. ब्रेडेड दोरी ताणत नाही, त्यामुळे हलका दंशही बोटाला कळतो. पण त्याच कारणाने झटका जोरात दिला तर तोंड फाटतं. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच आवळा.

जिग, म्हणजे डोक्याशी वजन ओतलेला गळ, हे या माशासाठीचं सगळ्यात भरवशाचं हत्यार. आठ फुटांच्या आत 1/16 ते 1/8 औंस, दहा ते वीस फुटांना 1/4, नदीच्या ओढीत 3/8 किंवा त्याहून जड. जिग फार हलकं असेल तर दोरीला वाऱ्याने पोट सुटतं आणि जिग तळाला लागलं की नाही हेच कळत नाही. फार जड असेल तर मासा आमिष ओढून घेतो आणि वजन जाणवताच थुंकतो. तळाला टेकेल असं सगळ्यात हलकं जिग वापरा. टेकवा, सहा ते दहा इंच उचला आणि दोरी ताठ ठेवूनच खाली येऊ द्या. दंश बहुतेकदा खाली येतानाच होतो, म्हणून दोरी सैल सोडलीत तर तो कळणारच नाही. कधी टक असं जाणवतं, कधी नुसतं ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. दोन्ही वेळा मनगटाने उचला. आमिषाला लावलेली मिनो (बारीक मासळी) शेपटी कुरतडून परत परत हातात येत असेल, तर जिगला तीन इंच दोरीवर छोटा तिहेरी गळ जोडा. त्याला स्टिंगर म्हणतात.

रंगावरून वाद घालण्यात लोक दिवस घालवतात. नितळ पाण्यात पांढरा, चंदेरी. गढूळ पाण्यात पोपटी-पिवळा, नारिंगी. लेक ऑफ द वुड्ससारख्या चहाच्या रंगाच्या पाण्यात सोनेरी. यापलीकडे जिगचं वजन आणि वेग नीट केला तर जास्त मासे येतात.

आमिष पाण्याच्या तापमानावर ठरतं. 50 अंश फॅरनहाइटच्या खाली मिनो. गळ तिच्या तोंडातून घालून डोक्याच्या वरच्या कठीण भागातून बाहेर काढा, म्हणजे फेकताना निसटत नाही. इतक्या गार पाण्यात जळू गोळा होऊन लटकते, मासा तिच्याकडे बघतही नाही. पाणी 60 च्या घरात गेलं की मात्र जळवेसारखं आमिष नाही. गळ तिच्या रुंद टोकाकडच्या चोषकातून घाला, म्हणजे ती पोहत राहते. भर उन्हाळ्यात मोठं गांडूळ, नाकाशी एकदाच टोचलेलं. गळावर गुंडाळलेला गांडुळाचा गोळा सनफिश पकडायला ठीक आहे. शरदात पुन्हा मिनो, या वेळी चांगल्या बोटभर लांबीच्या.

जळू आणि गांडुळासाठी लिंडी रिग. मुख्य दोरीत बुटाच्या आकाराचं सरकतं शिसं ओवा, 1/4 औंसापासून सुरुवात करा. खाली स्विव्हल (फिरती कडी) बांधा. स्विव्हलपुढे तीन ते सहा फूट लीडर आणि टोकाला 6 किंवा 8 नंबरचा छोटा गळ. पाणी नितळ असेल तर लीडर आणखी लांब. बोट ताशी अर्धा ते एक मैल वेगाने वाऱ्यावर किंवा छोट्या इलेक्ट्रिक मोटारीवर सरकू द्या. रिळाची बेल (दोरी अडवणारी तार) उघडी आणि दोरी तर्जनीवर. दंश लागला की तर्जनीवरची दोरी सोडा. दोरी शिशातून सरकते, माशाला वजन लागत नाही. पाच ते दहा आकडे मोजा, रॉडचं टोक माशाकडे वळवा, झोळ गुंडाळा आणि ताण जाणवताच लांब, सलग उचला. नवशिके इथेच हरतात: एक तर लगेच हिसका देतात, नाहीतर झोळ न गुंडाळता हवेतच रॉड ओढतात. गळ घशात उतरायला लागला तर मोजायचे आकडे कमी करा.

दगडांच्या उंचवट्यावर लिंडी अडकते. तिथे सरकता तरंगा बरा. आधी दोरीची गाठ, मग मणी, तरंगा, छोटं शिसं आणि खाली 1/16 औंसाच्या जिगवर जळू. गाठ अशी सरकवा की जळू तळापासून फूटभर वर राहील. मणी विसरलात तर गाठ तरंग्याच्या भोकातून निघून जाते आणि आमिष तळावर पडून राहतं.

मोठं पाणी चाळायचं असेल तर बॉटम बाउन्सरमागे (तळाला टेकणारी, वजन लावलेली तार) स्पिनर (फिरतं चमकतं पातं) आणि गांडूळ. दर दहा फूट खोलीला एक औंस हा ढोबळ हिशोब, वेग ताशी एक मैलाच्या आसपास, दोरी पाण्याशी साधारण 45 अंशांत. दोरी फार मागे गेली तर वजन वाढवा. तार तळाला अधूनमधून टेकावी, फरफटत जाऊ नये. लेक ईरीवर वेगळा खेळ: तिथे मासा बऱ्याचदा मधल्या पाण्यात फिरतो, म्हणून प्लेनर बोर्ड (दोरी बोटीपासून बाजूला नेणारी फळी) लावून क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) ताशी दोन मैलांच्या आसपास ओढतात.

ठिकाणं ऋतूप्रमाणे खोल जातात. बर्फ वितळल्यावर पाणी चाळिशीत असताना वॉलआय खडकाळ काठावर आणि ओढ्यांच्या मुखाशी अंडी घालतो, घरटं करत नाही, राखणही करत नाही. हंगामाच्या सुरुवातीला मासे त्याच परिसरात, चार ते बारा फुटांवर मिळतात. जूनमध्ये वनस्पतींची बाहेरची कड आणि तलावाच्या मध्यातले उंचवटे. मेफ्लाय निघायच्या दिवसांत मासा त्या किड्यांवरच इतका पोसतो की आमिषाला विचारत नाही. अशा वेळी छोटं आमिष हळू चालवावं. शरदात तीव्र उतार, वीस ते चाळीस फूट. हिवाळ्यात बर्फातून 1/8 ते 1/4 औंसाचा चमचा (धातूचं चमकतं आमिष), त्याच्या गळावर मिनोचं नुसतं मुंडकं, आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून भोकाशी हजर. चालण्यासाठी निदान चार इंच नवा, काचेसारखा बर्फ हवा. पांढरा बर्फ निम्म्या ताकदीचा, तिथे जाडी दुप्पट धरा.

हाताळताना जपून. दात अणकुचीदार असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड बोट कापते. सॉगर नावाचा त्याचा भाऊ त्याच पाण्यात मिळतो: त्याच्या पाठीच्या पुढच्या पराला ठिपक्यांच्या ओळी असतात. वॉलआयच्या त्या पराला मागे एक काळा डाग आणि शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. मिनेसोटात सर्वसाधारण नियमाने 20 इंचांवरचा एकच मासा ठेवता येतो. अनेक तलावांचे नियम वेगळे आहेत, ते त्या वर्षाच्या पुस्तिकेत बघूनच निघा. 28 इंची मासा जवळजवळ नेहमी अंडी देणारी मादी असते. तिचा फोटो पाण्याजवळच काढून तिला परत सोडावं, खायला पंधरा-सोळा इंची मासा तसाही चविष्ट. तीस फुटांपेक्षा खोल पाण्यातून वर आलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते. तो पोहत गेला तरी अनेकदा जगत नाही. म्हणून हवे तितके मासे झाले की त्या खोलीत गळ टाकणंच थांबवावं, ‘पकडा आणि सोडा’ म्हणत आणखी दहा मारू नयेत.

धक्क्यावर बोट वर काढली की तळाचा बूच काढून सगळं पाणी निथळू द्या, दोरीला चिकटलेल्या वनस्पती उचला, उरलेली मिनो तलावात ओतू नका, कचऱ्यात टाका. मिनेसोटात हा कायदाच आहे.

साफ करताना कल्ल्यामागून तिरका काप घेऊन सुरी मणक्यावरून शेपटीकडे न्या, मग फासळ्या सोलून काढा. तुकड्याच्या पुढच्या भागात मधोमध बारीक काट्यांची रांग बोटाला लागते, तिच्या दोन्ही बाजूंनी काप देऊन ती पट्टी काढून टाका. आणि डोकं फेकण्याआधी डोळ्याखालचे दोन्ही गाल सुरीच्या टोकाने काढून घ्या. नाण्याएवढेच असतात, पण त्यात एकही काटा नाही.